उठाव

सिंधुबाईच्या पंगतीला एकदा बसलं, की पोट भरेपर्यंत उठायचं नाही. हा नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

भिगवणच्या पुढं, उजनीच्या पाण्याला अगदी लागून तिची पत्र्याची शेड. पहाटे होडीतून पक्षी बघून आलेली पुण्या-बारामतीची माणसं दुपारी तिथं चिलापी माशाचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी खायला बसत. कुणीतरी एकदा सुचवलं होतं, मावशी, टेबल-खुर्च्या घ्या, शहरातल्या लोकांना खाली बसवत नाही. सिंधुबाई म्हणाली, "ज्याचा गुडघा दुखतोय त्याला पाट देते. पर पंगत ती पंगत." कुणाचा फोन वाजला आणि तो हात झटकत उठायला लागला, की ही पळी घेऊन समोर उभी. "बसा खाली. मरंना का त्यो फोन."

बाई तापट. गावात म्हणायचे, सिंधूच्या चुलीला काडी लागत नाही, तिनं नुसतं रागानं बघितलं तरी पेटते. पण या नियमामागं तिचा ताप नव्हता. सासू होती.

सासूचं नाव कुशाबाई. धरणाचं पाणी पहिल्यांदा चढलं तेव्हा ती ऐन विशीत होती. गाव उठणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, निम्मी घरं रिकामीही झाली होती, पण जाता जाता एक बारसं उरकून घेऊ म्हणून लोक थांबले. पंगत बसली. लापशीचा पहिला घास तोंडात, आणि ओढ्याकडून कुणीतरी ओरडत आलं, "उठा! पाणी आलं!" सगळी पंगत हातातोंडाचा घास टाकून उठली. पाणी काही त्या दुपारी आलं नाही, दोन दिवसांनी आलं. पण उठलेली पंगत पुन्हा बसली नाही. तेव्हापासून कुशाबाई जेवायला बसली, की डावा तळहात जमिनीवर टेकवून बसे. कधीही रेटा देऊन उठता यावं असा. पन्नास वर्षं होत आली, नव्या गावात सुना आल्या, नातू झाला, तरी तो हात काही जमिनीवरून उचलला नाही. सिंधुबाई लासुर्ण्याहून लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिला तो हात दिसला होता. तिनं विचारलं, तेव्हा कुशाबाईनं सारं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "वैरी का असंना, सिंधे, जेवत्याला उठवायचं न्हाय."

यंदा मात्र घरात सगळं झकास चाललं होतं. सिंधुबाईचा मुलगा सुयोग होडी चालवायचा. त्यानं दिवाळीत होडीला मशीन बसवलं, आणि बांबूनं होडी रेटत जाणारी बाकीची माणसं मागं पडली. बारामतीचा ऋषिराज, ज्याचा फोटो स्टुडिओ होता, तो दर रविवारी गाडी भरून माणसं आणू लागला, आणि ती सगळी सुयोगच्याच होडीत बसू लागली. मोठमोठ्या कॅमेऱ्यांची माणसं. दुपारी पंगतीला बसली, की एकमेकांना कॅमेऱ्यातले फोटो दाखवायची आणि म्हणायची, "आजचा उठाव काय जबरदस्त झाला!"

सिंधुबाईला उठाव म्हणजे बाजारातला उठाव. मालाला उठाव आहे म्हणजे माल खपतोय, गिऱ्हाईक तुटून पडतंय. तिनं सुयोगला विचारलंही होतं, "कसला रं उठाव म्हणत्यात ती माणसं?"

सुयोग हसला होता. "धंद्याला उठाव हाय, आई. आणि काय."

मग काय, बाई खूश. इंदापूरच्या बाजारात कांदे घेताना तिनं दत्तोबा आडत्याला फुशारकीनं सांगितलं, "यंदा आमच्या पाखरांना लई उठाव हाय."

"पाखरं काय किलोवर इकता का, वैनी?" दत्तोबा म्हणाला, आणि आजूबाजूची माणसं हसली. तीही हसली.

शेजारचा गेणबा मात्र हसत नव्हता. तोही होडीवालाच, बांबूवरचा, वयानं मोठा. सुयोगला होडी रेटायला त्यानंच शिकवलेलं. रोज सकाळी शेडवर चहाला यायचा, तो दिवाळीपासून फिरकला नव्हता. एक दिवस तो काठावर जाळं विणत बसलेला दिसला, तशी सिंधुबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"का वं आबा, आमच्या चहात माशी पडली का?"

"तुझ्या पोराच्या उठावानं घास उतरंना मला, चहा कुठला उतरतोय?"

"पोटात दुखतंय म्हणा की! पोराकडं गिऱ्हाईक वाढलं म्हणून."

गेणबानं जाळं खाली ठेवलं. "उठाव म्हंजी काय, माहीत हाय का तुला?"

"म्हंजी गिऱ्हाईक."

गेणबा म्हणाला, "उद्या पहाटं ये माझ्या होडीत. दाखवतो गिऱ्हाईक."

सिंधुबाई गेली. आयुष्य पाण्याच्या काठावर गेलं, पण पहाटेच्या वेळी ती कायम चुलीपुढं. रोहित पक्षी तिनं लांबूनच बघितलेले, पाण्याच्या कडेला गुलाबी रेघ ओढल्यासारखे. आता गेणबानं होडी आवाज न करता उथळ पाण्याकडं नेली, बांबू चिखलात रोवला आणि तो गप्प बसून राहिला. उजाडत होतं. आणि समोर ते शेकड्यांनी उभे. लांबच लांब पाय, त्याहून लांब माना, आणि सगळ्यांची डोकी पाण्यात उलटी घातलेली. पायांनी चिखल तुडवायचा, चोच फिरवायची, पुन्हा एक पाऊल पुढं. कुणाचं कुणाकडं लक्ष नाही. नुसती बारीक कुरकुर ऐकू येत होती, जशी भुकेल्या पंगतीत वाढून झाल्यावर येते, जेव्हा बोलणं थांबतं आणि नुसता खाण्याचा आवाज राहतो.

"जेवत्यात," सिंधुबाई हळूच म्हणाली.

"व्हय."

तेवढ्यात मशीनचा आवाज आला. सुयोगची होडी. आत चार-पाच माणसं कॅमेरे डोळ्याला लावून तयार. होडी सरळ पक्ष्यांच्या रोखानं आली, जवळ आल्यावर सुयोगनं मशीन एकदम मोठं केलं आणि वल्हं होडीच्या काठावर आपटलं. धाड, धाड, धाड. सगळ्या माना एकदम वर झाल्या. पक्षी पाण्यावरून धावत सुटले, पाय पाण्यावर आपटत, पंख उघडत, आणि सगळं आभाळ लाल-काळं झालं. खोटं कशाला सांगायचं, सिंधुबाईच्याही तोंडून "अगं बाई!" निघालं. इतकं देखणं तिनं जन्मात बघितलं नव्हतं. होडीतली माणसं ओरडत होती, टाळ्या वाजवत होती.

पक्ष्यांनी एक मोठी फेरी मारली आणि ते थोडे पलीकडं उतरले. माना खाली गेल्या. सुयोगची होडी वळली. धाड, धाड, धाड.

पुन्हा उठले. पुन्हा उतरले. तिसऱ्यांदा होडी तिकडं गेली, तेव्हा सिंधुबाईच्या हाताच्या मुठी वळल्या होत्या. त्या थव्यात एक करड्या रंगाचं पिल्लू होतं, अजून गुलाबी न झालेलं. त्याला पाण्यावरून नीट धावताही येईना. सगळे वर गेले तरी ते खालीच पंख आपटत राहिलं, आणि कॅमेरे त्याच्याकडं वळले. शेवटी तेही उठलं, आणि सगळा थवा पार पल्याड, करमाळ्याच्या बाजूला निघून गेला. पाण्यावर गढूळ चिखल आणि दोन-चार पिसं राहिली.

"ह्यो उठाव," गेणबा म्हणाला. "रोज. गिऱ्हाईक म्हणतंय, उभ्या पाखराचा फोटो कुणाकडं बी असतो, आमाला उडताना पायजे."

सिंधुबाईला दत्तोबाच्या गाळ्यापुढं फुशारकी मारत उभी असलेली स्वतः दिसत होती, आणि तिच्या कानशिलातून वाफ निघत होती.

सुयोग काठावर आला तेव्हा ती वाटेतच उभी होती. गिऱ्हाईक पुढं जाऊ दिलं, आणि मग तिनं त्याच्या दंडाला धरलं.

"धंद्याला उठाव हाय, न्हाय का?"

सुयोगनं लांब उभ्या गेणबाकडं पाहिलं आणि काय झालं ते त्याच्या ध्यानात आलं. "आई, पाखरं हायती ती. उठत्यात, बसत्यात. त्यांना काय हुतंय?"

"जेवत हुती रं ती! जेवत्या पंगतीला उठवतोस? ह्या घरात जन्मून?"

"पंगत?" तो चिडून हसला. "पाखरांची कसली पंगत? आणि मी न्हाय उठवली तर दुसरा कुणी उठवंल. समद्या होड्यांना मशीन बसायला लागलंय. मी एकटा काय देवमाणूस हाय व्हय?"

"दुसऱ्याची आई त्याला बघून घील. तुझी मी हाय."

बराच वाद झाला. सुयोगचा आवाज चढला, तिचा त्याहून चढला, धुणं धुणाऱ्या बाया धुणं सोडून बघत राहिल्या. शेवटी तो म्हणाला, "बरं. न्हाय उठवत. झालं?"

"आजीच्या ताटाची शपथ घे."

त्यानं मान दुसरीकडं वळवून शपथ घेतली.

रविवारी ऋषिराजची गाडी आली. पहाटे सगळी माणसं होडीतून जाऊन आली, आणि दुपारी पंगत बसली. दहा-बारा जण होते. कोपऱ्यात आईशेजारी लाल टोपीतली एक लहान मुलगी होती, सहा-सात वर्षांची. सिंधुबाईनं तिला पाट दिला, तिच्या ताटातल्या चिलापीचे काटे स्वतःच्या बोटांनी काढून दिले. मुलगी मन लावून खात होती. चुलीपाशी कुशाबाई भाकरीचं पीठ मळत बसली होती. सुयोग पाण्याचा जग घेऊन फिरत होता.

"तीन उठाव मिळाले आज," ऋषिराज रस्सा ओरपत शेजाऱ्याला म्हणाला. "पण उजेड मागून होता. जेवण झालं की आणखी एक घेऊ. काय सुयोग? दुपारचा उजेड मस्त असतो."

सुयोगनं जग वाकवला. आईकडं न बघता तो म्हणाला, "घेऊ की, दादा."

सिंधुबाईच्या हातात रश्शाची पळी होती. तिनं ती पातेल्यात सोडली. बाजूला पिठाची मोठी पितळी परात उपडी ठेवली होती, ती उचलली, लाकडाचं एक ढलपं उचललं, आणि पंगतीच्या मधोमध येऊन तिनं परातीवर दणका दिला.

"उठा!"

पत्र्याखाली तो आवाज असा घुमला, की माणसं विंचू चावल्यासारखी उठली. कुणाचं ताट लवंडलं, कुणाचा हात रश्शानं भरलेला तसाच हवेत. "काय झालं? साप आहे का? मावशी, कुठं आहे?"

"काय न्हाय झालं," सिंधुबाई म्हणाली. "बसा. जेवा."

माणसं एकमेकांकडं बघत राहिली. कुणीतरी कसनुसं हसलं. एकेक जण खाली बसला, ताट ओढलं, घास मोडला. घास तोंडापर्यंत गेला, तशी परात पुन्हा वाजली.

"उठा!"

"आई!" सुयोग ओरडला.

"तू गप. जेवायला बसल्याली माणसं हायती, उठत्यात, बसत्यात, त्यांना काय हुतंय? बसा वं. बसा की."

या वेळी निम्मेच बसले, तेही उकिडवे, ताटाकडं न बघता तिच्या हाताकडं बघत. तिनं तिसरा दणका दिला. मग कुणीच बसलं नाही. घास कुणाच्याच तोंडात नव्हता.

ऋषिराज लालबुंद झाला होता. "डोकं फिरलंय का तुमचं, मावशी? माणसांना जेवू देत नाही?"

"व्हय का? राग आला? मला वाटलं तुमी फोटो काढशिला. तीन उठाव झाले, काढा की! उजेड मागून हाय का पुढून, बघा नीट. ती पाखरं कुठल्या मुलखातनं येत्यात, चार महिनं ह्या चिखलात पोट भरत्यात, आणि तुमी त्यांच्या ताटावर होडी घालता. लाज वाटत न्हाय? आणि हा माझा दिवटा! आजीच्या ताटाची शपथ घेतो आणि 'घेऊ की, दादा'?"

ती आणखी बरंच बोलली असती. पण तेवढ्यात रडण्याचा आवाज आला. कोपऱ्यात लाल टोपीतली मुलगी भिंतीला चिकटून उभी होती, मुठीत भाकरीचा तुकडा, आणि तोंड उघडं टाकून रडत होती. सिंधुबाई दोन पावलं तिच्याकडं गेली, तशी ती आईच्या मागं लपली.

"चला," ऋषिराज म्हणाला. "इथं पुन्हा पाय ठेवायचा नाही. सुयोग, तुझ्याशिवाय दुसरा होडीवाला मिळत नाही असं नाही आम्हाला." माणसं हात पुसत, चपला शोधत बाहेर पडली.

शेडमध्ये अर्धवट ताटांची रांग राहिली. परात अजून सिंधुबाईच्या हातातच होती. सुयोग म्हणाला, "वाटोळं केलंस. वर्षाचं वाटोळं केलंस एका दुपारी."

"मी केलं?"

"सिंधे," चुलीपासून आवाज आला. कुशाबाईचा आवाज इतका वेळ आलाच नव्हता. ती पिठाच्या हातानं तशीच बसून होती, आणि तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. "माझ्या दारात पंगत उठवलीस?"

"आत्याबाई, तुमी बघितलं न्हाय त्यांनी तिकडं..."

"त्यांनी काय केलं ते त्यांचं. गेणबानं मला समदं सांगितलंय, मी काय आंधळी न्हाय. त्या ऋषिराजाला चार शिव्या देऊन जेवू घातलं असतंस तरी मी काय बोलले नसते. पर ती पोर? तिनं कुठलं पाखरू उठवलं हुतं?"

सिंधुबाईचा राग कमी झाला नव्हता, उलट आता त्याला जायला जागाच उरली नव्हती. ऋषिराजचा राग, सुयोगचा राग, आणि सगळ्यांत वर स्वतःचा. तिनं परात आपटून खाली ठेवली. फडक्यात एक गरम भाकरी घेतली, वर तूप आणि गूळ घातला, आणि ती पदर खोचून रस्त्याकडं निघाली.

गाडी बाभळीखाली उभी होती. ऋषिराज बाहेर फोनवर दुसऱ्या कुठल्या होडीवाल्याशी बोलत होता. सिंधुबाई येताना दिसली तशी मुलीच्या आईनं काच वर केली. सिंधुबाई काचेपाशी उभी राहिली. काच काही खाली येईना. तीही हलेना.

"पोरीवर राग न्हाय माझा," ती काचेतून म्हणाली. "तेवढं पोरीला खाऊ द्या. मग जावा."

काच निम्मी खाली आली. त्या बाईनं भाकरी घेतली आणि लेकीच्या मांडीवर फडकं पसरलं. मुलीनं सिंधुबाईकडं पाहिलं, गुळाकडं पाहिलं. भूक मोठी होती. तिनं घास मोडला.

मागून सुयोग आला होता. आईच्या मागं भांडत भांडतच निघाला असावा, हातात अजून पाण्याचा जग आणि पेला होता. तोही खिडकीपाशी येऊन थांबला.

मुलगी उजव्या हातानं खात होती. डावा तळहात तिनं शेजारी सीटवर टेकवला होता. घट्ट, बोटं पसरून, कधीही रेटा देऊन उठता यावं असा. प्रत्येक घासाला तिची नजर सिंधुबाईच्या हातांकडं जात होती.

सिंधुबाईनं आपले दोन्ही हात पाठीमागं घेतले.

सुयोग त्या तळहाताकडं बघत राहिला. लहानपणापासून रोज दोन वेळा त्यानं तो हात बघितला होता. जमिनीवर टेकलेला, सुरकुतलेला. त्यानं जगमधलं पाणी पेल्यात ओतलं आणि खिडकीतून आत दिलं.

गाडी गेली. ऋषिराजनं जाताना कुणाकडं पाहिलं नाही. त्याला दुसरी होडी मिळाली होती बहुतेक.

दोघं परत आली. सुयोग शेडच्या दारात थांबला. समोरचं पाणी रिकामं होतं. पार पल्याड, करमाळ्याच्या काठाला, गुलाबी रेघ दिसत होती, इतकी बारीक की नसल्यासारखी.

"परत येत्याल का गं ती?" त्यानं विचारलं.

"मला काय इचारतोस?" सिंधुबाई फणकारून म्हणाली. "उठवलीस तू."

तो खाली मान घालून म्हणाला, "मशीन काढून ठेवतो."

"ठेव न्हाय तर नको ठेवूस. शपथा ऐकायला आता माझं कान रिकामं न्हायती." तिनं लवंडलेलं एक ताट उचलून त्याच्या हातात दिलं. "आधी ही भांडी घास. मी बी घासते. मी बी उठवलीय."

दोघं पाण्याच्या कडेला बसली आणि राखेनं ताटं घासू लागली. मधेच लांबून कुठल्या तरी होडीच्या मशीनचा आवाज सुरू झाला, पल्याडच्या काठाच्या रोखानं निघालेला. सुयोगचा हात थांबला. सिंधुबाईनं मान वर केली नाही. ती ताट इतक्या जोरानं घासत राहिली, की कुशाबाईनं आतून हाक मारली, "अगं, भोक पडंल त्याला."